विसातलं एक

बद्रीनाथ ठोंबरेला कुणी विचारलं, काय करता, की तो "सर्वे करतो" म्हणायचा. मग पुढचा प्रश्न ठरलेला. जमीन मोजता? नाही. मग साबणवाले का? तर साबणाचंही केलं होतं त्यानं. साबण, चहापत्ती, दातांची पेस्ट, खतं, मोपेड, सगळ्याचं करून झालं होतं. निवडणूक आली की निवडणुकीचं. "या वेळी मत कुणाला देणार?" हा प्रश्न पंधरा वर्षांत त्यानं इतक्या उंबऱ्यांवर विचारला होता की बायको म्हणायची, हा माणूस झोपेतही आधी वय विचारतो आणि मग शिक्षण.

त्याआधी तो वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर होता. कारखाना बंद पडला तेव्हा चाळिशीही आली नव्हती. शिफ्टची बस गेली, डबा गेला, आणि मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत दिवसभर भिंतीकडं बघत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून शेजाऱ्यानं मिळवून दिलेल्या या कामाला तो चिकटला. पुढं त्याला ते आवडायलाच लागलं. कारखान्यातल्या बारा वर्षांत मशीनच्या आवाजापुढं कुणी त्याला दोन शब्द सांगितले नव्हते. इथं अनोळखी माणसं ओसरीवर बसवून मनातलं सांगत. जावई पितो इथपासून सरकार कसं बुडणार इथपर्यंत. आणि ते सगळं बद्रीनाथच्या पोटात राहायचं.

या धंद्यात 'झाडाखालचे फॉर्म' म्हणून एक प्रकार आहे. उन्हात घरं हुडकायची नाहीत. लिंबाखाली सतरंजी टाकायची, मतदारयादी पुढ्यात घ्यायची आणि गावातल्या वीस माणसांच्या मनात काय आहे ते आपणच ठरवून संध्याकाळच्या बसनं परत यायचं. बद्रीनाथनं असा फॉर्म कधी भरला नाही. एकदा सिल्लोडच्या बाजूला एका बाईसाठी तो तीन गावं हिंडला, कारण दिल्लीच्या कम्प्युटरनं यादीतून तिचंच नाव काढलं होतं आणि ती नेमकी माहेरी गेली होती. ऑफिसात सगळे हसले. "ठोंबरेचा फॉर्म म्हणजे सातबाऱ्याचा उतारा," म्हणाले. चेष्टाच होती ती. पण बद्रीनाथला ऐकून बरं वाटलं. जरा जास्तच बरं वाटलं, आणि पुढचं सगळं तिथूनच आलं.

२००९ ची लोकसभा. त्याच्या वाट्याला देवगाव रंगारीच्या अलीकडचं एक गाव आलं. गावाचं नाव इथं घालत नाही. नको तिथं नको ते सांगून काय होतं, त्याचीच ही हकिकत आहे, तेव्हा निदान आपण तरी शहाणं व्हावं.

काम दोन फेऱ्यांचं होतं. पहिली फेरी मार्चअखेर, उमेदवार जाहीर झाल्यावर. दुसरी मतदानाच्या आठ दिवस आधी. तीच वीस माणसं, तेच प्रश्न. प्रचाराच्या धुरळ्यात कुणाचं मन फिरलं का, ते दिल्लीवाल्यांना बघायचं होतं. मताचा प्रश्न तोंडी विचारायचा नसे. माणसाच्या हातात चिन्हं छापलेली नकली मतपत्रिका द्यायची, त्यानं आडोशाला जाऊन खूण करायची, घडी घालायची आणि बद्रीनाथच्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. पेटीला बारीकसं कुलूप. "कुणालाच कळणार नाही," असं प्रत्येकाला सांगायचं, हेही फॉर्मवर छापलेलं होतं.

खरं तर एकाला कळायचं. चिठ्ठीच्या पाठीमागं फॉर्मचा नंबर असे, आणि काम संपल्यावर पेटी उघडून चिठ्ठी ज्याच्या त्याच्या फॉर्मला टाचायची, ते बद्रीनाथचंच काम. म्हणजे 'कुणालाच कळणार नाही' याचा अर्थ 'बद्रीनाथ कुणाला सांगणार नाही' एवढाच. पंधरा वर्षं त्यानं तो अर्थ राखला होता.

त्या दिवशी विसातली एकोणीस माणसं भेटली. विसावा पुंजाराम, तो लेकाकडं पुण्याला गेलेला. बद्रीनाथनं त्याच्या फॉर्मवर 'गावी नाही' असं लिहिलं आणि बाकी सगळं कोरं ठेवलं.

जैतुनबीचं नाव यादीत होतं. गावात मुसलमानांची चारच घरं, आणि विसात त्यांच्यातलं नाव आलं ते एवढंच. पन्नाशी ओलांडलेली विधवा बाई. सात वर्षं शाळेत पोरांची खिचडी शिजवत होती. मतपत्रिका घेऊन ती आत गेली, दार लोटलं, आणि बाहेर येईचना. सर्वेवाला आला की रिकामी माणसं भोवती जमतातच, ती खिदळायला लागली. "लई इचार करू राहिली जैतुनबी! दिल्लीचं सरकार तिच्यावरच अडलंय जणू." दहा मिनिटांनी ती आली ती नाकावर चष्मा चढवून. तो सापडत नव्हता, पिठाच्या डब्यावर निघाला. दार तरी का लोटलं, तर कोंबड्या आत शिरतात म्हणून.

आणि दुसरं नाव मनकर्णाबाईंचं. आप्पासाहेबांच्या बायकोचं. आप्पासाहेब म्हणजे त्या गावात सबकुछ. दहा वर्षं स्वतः सरपंच, आता पुतण्या सरपंच, सोसायटी हातात, शाळेच्या समितीवर त्यांचीच माणसं. त्यांच्या पक्षाचा उमेदवार आला की सभा त्यांच्या दारात, आणि चहा सगळ्या गावाला. सख्खा भाऊ एकदा पंचायतीला समोरून उभा राहिला, तर त्याच्याशी वीस वर्षं बोलणं बंद. भावाच्या मुलीच्या लग्नाला मनकर्णाबाईंना जाऊ दिलं नव्हतं, हे बद्रीनाथला सकाळीच दोन घरांत ऐकायला मिळालं होतं.

मनकर्णाबाई चुलीपुढं भाकरी थापत होत्या. आप्पासाहेब बाहेर फोनवर. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले, चिठ्ठी घेतली आणि हलक्या आवाजात विचारलं, "हे कुणाला कळणार नाय ना?"

एकोणीस माणसांत हे विचारणाऱ्या त्या एकट्याच.

"नाही वहिनी. माझ्या आईची शपथ."

त्यांनी चुलीकडं तोंड करून खूण केली आणि कागदाच्या चार घड्या घातल्या. हेच मत का, असा पुढचा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं सांगितलं तिथं शिक्का मारला, सांगितलं ते बटण दाबलं. आता ह्या एवढ्याशा कागदावर तरी माझं चालू द्या." आणि लगेच घाबरून म्हणाल्या, "हे लिहू नका, भाऊ." त्यानं लिहिलं नाही.

दुपारी अडीच-तीनला काम आटपलं. पेटी घरी जाऊन उघडायची असा नियम होता. पण बसला वेळ होता, मारुतीच्या देवळामागं कुणी नव्हतं, आणि चिठ्ठ्या तिथंच टाचून टाकाव्यात असं त्यानं ठरवलं. अठरा चिठ्ठ्या आप्पासाहेबांच्या पक्षाच्या चिन्हावर. एक समोरच्या. त्यानं मागचा नंबर पाहिला. मनकर्णाबाई. त्यानं ती चिठ्ठी टाचली आणि पिशवीचा बंद दोनदा आवळला.

तेवढ्यात आप्पासाहेबांचा निरोप आला. दिवसभर गावात राबलेला परका माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, ही त्या घराची रीत. पंगतीला चौघं-पाचजण होते. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, फोडलेला कांदा. आमटी अशी की बद्रीनाथनं दुसऱ्यांदा मागून घेतली.

"मग सर्वेवाले," आप्पासाहेबांनी विषय काढला, "विसाच्या वीस आपलीच ना?"

"ते दिल्लीवाल्यांना ठाऊक," बद्रीनाथ म्हणाला. हे त्याचं ठेवणीतलं उत्तर.

"दिल्लीवाल्यांना काय ठाऊक डोंबल! तुम्ही लोकं झाडाखाली बसून भरता. मागच्या खेपेला दोघं आले होते, माझ्याच मळ्यात लोळून अख्खं गाव भरून काढलं, मी डोळ्यानं पाह्यलं. सगळी बनवाबनवी. तुम्हीबी त्यातलेच."

पंगत हसली. बद्रीनाथ हसला असता, पुढचा घास घेतला असता, तर काही म्हणजे काही झालं नसतं. चार वाजताच्या बसनं तो गेला असता. पण त्याला झोंबलं. ज्यानं एका फॉर्मसाठी तीन गावं पालथी घातली, त्याला हे ऐकून घ्यायचं?

"माझं तसं नाही, आप्पासाहेब," तो ताठ बसून म्हणाला. "माझ्या फॉर्मात जे आहे ते आहे. गोडच बोलायचं असतं तर म्हणालो असतो सगळी. पण एक सोडून आहेत."

हसणं थांबलं. आमटीचं पातेलं घेऊन मनकर्णाबाई दारात आल्या होत्या. त्या तिथंच थांबल्या.

"कोण?" आप्पासाहेबांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"ते सांगता येत नाही. नियम आहे."

आणि हे म्हणताना त्याला आपल्या सचोटीचं कौतुक वाटलं. नाव नाही सांगितलं! पुढं कितीतरी दिवस त्याला जे टोचत राहिलं ते हेच की त्या क्षणी आपण स्वतःवर खूश होतो.

मग पंधरा दिवस गेले. टीव्हीवर सर्वेचे आकडे आले. एवढे टक्के इकडं, एवढे तिकडं, रंगीबेरंगी खांब, आणि कोट घातलेली माणसं एकमेकांवर ओरडत होती. बद्रीनाथ बायकोला म्हणाला, "यात आपलं गाव आहे बरं का." पण ते कुठंच दिसत नव्हतं. हजारो फॉर्मांत त्याचे एकोणीस, आणि त्यातलं ते एक. टक्क्यात धरलं तर त्याचा काही हिशोबच लागत नव्हता.

गावात मात्र लागला होता. दुसऱ्या फेरीला तो एसटीतून उतरला आणि फाट्यावरच्या सांडूच्या टपरीवर चहाला टेकला, तर बाकावरची दोन माणसं उठून गेली. सांडूनं कप पुढं ठेवला.

"काय झालं?" बद्रीनाथनं विचारलं.

"काय व्हायचंय? ते एक मत सापडलं ना आप्पासाहेबांना."

बद्रीनाथच्या मनात एकच नाव आलं. मनकर्णाबाई!

"जैतुनबी," सांडू म्हणाला. "दार लावून दहा मिंटं बसली होती, सगळ्यांनी पाह्यलं. अन् नाव बी तसलं, मग काय. दुसऱ्याच दिवशी समितीची बैठक. तेल लई लागतं तिच्या हातानं, म्हणे. खिचडीचं काम काढून सरूबाईला दिलं. ती बिचारी घरोघर जाऊन सांगू राहिली, कुराणावर हात ठेवते, मी तुमच्यालाच खूण केली. कोण मानतं?"

सांगायला लाज वाटते, पण बद्रीनाथला आधी सुटल्यासारखं झालं. त्या घरातली बाई वाचली, आपली शपथ मोडली नाही. चहाचा एक घोट घेईपर्यंत ते टिकलं. मग त्यानं कप बाजूला सारला. आपण नाव घेतलं नाही, याचा कसला तोरा मिरवला? नाव घेतलं असतं तर निदान खरं नाव गेलं असतं. 'एक' म्हणून आपण गावाच्या हातात कोरी चिठ्ठी दिली, आणि ज्यांना जे नाव आधीपासूनच सोयीचं होतं ते त्यांनी तिच्यावर लिहून टाकलं.

तरी तो आधी कामाला गेला. पंधरा वर्षांची सवय. पहिल्याच घरात माणसानं मतपत्रिका हातात घेतली, आडोशाला गेलाच नाही. ओसरीवर, चारचौघांसमोर खूण केली आणि घडी न घालता सगळ्यांना फिरवून दाखवली. दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात द्वारकाबाई नावाची म्हातारी होती. ती पेटीला हातही लावेना. "तुम्हीच मारा बाबा खूण. आपल्यालाच हाय म्हणून लिहा. अन् मोठ्यानं वाचून दाखवा, समद्यांना ऐकू जाऊ द्या." बद्रीनाथनं पिशवी उचलली आणि सरळ आप्पासाहेबांचं घर गाठलं.

आप्पासाहेब ओट्यावर प्रचाराची पत्रकं लावत बसले होते. दोघं-तिघं हाताशी. बद्रीनाथ उभ्याउभ्याच म्हणाला, "आप्पासाहेब, ते मत जैतुनबीचं नव्हतं."

"नव्हतं?" आप्पासाहेबांनी पत्रकं खाली ठेवली. "मग द्वारकाबाईचं असंल. तिच्या लेकाला आपण पाण्याच्या टाकीवर लावलं नाय, तेव्हापासून फुगून बसलीय."

"तिचंही नाही."

"मग कारभारीचं? त्याचा मेव्हणा समोरच्या पार्टीत आहे." त्यांनी शेजारच्याला विचारलं, "रं, कारभारी विसात होता ना?"

एकेक नाव काढून बाजूला करत जायचं म्हणजे शेवटी कुठं पोचायचं, ते बद्रीनाथला दिसलं. आतल्या दारात मनकर्णाबाईंच्या बांगड्या वाजल्या. जैतुनबीला सोडवायची तर कुणाला तरी अडकवावं लागणार होतं, नाहीतर ते मतच गावातून नाहीसं करावं लागणार होतं. मत नाहीसं करायची वाट एकच होती. ती त्याला फाट्यापासूनच दिसत होती, फक्त तिकडं बघवत नव्हतं.

"कुणाचंच नव्हतं," तो म्हणाला. "मीच मारली ती खूण."

"म्हणजे?"

"पुंजाराम पुण्याला होता. त्याचा फॉर्म रिकामा राहत होता. मग देवळामागं बसून मीच भरला. सगळी मतं एकाच बाजूला दिसली तर ऑफिसला संशय येतो, म्हणून एक दुसरीकडं टाकलं. जेवताना तुम्ही टोकलं तर मला राग आला, म्हणून वर तोंड करून बोललो."

आप्पासाहेबांनी मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "मी काय म्हणालो होतो? झाडाखाली! आरं, बोलवा रे सगळ्यांना, ह्या हरिश्चंद्राला बघायला बोलवा!" माणसं आली. त्यांच्यासमोर बद्रीनाथला सगळं पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा सांगताना ते जास्त सफाईदार झालं, आणि त्याचीच त्याला किळस आली.

फॉर्मवर ऑफिसचा नंबर छापलेला होता. आप्पासाहेबांनी मोबाइल काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. तिकडून साहेब म्हणाले, "ठोंबरे? नाही हो, काहीतरी गैरसमज आहे. ठोंबरे असं करायचा नाही." मग जरा थांबून, "आहे का तो तिथं? ठोंबरे, हे काय सांगतायत? खरं आहे?"

"हो साहेब."

"तुम्ही भरला?"

"हो."

पुंजारामाचा फॉर्म कोराच दिल्लीला गेला होता, पण तो काढून बघायला इथं कुणी नव्हतं. "पेटी आणि राहिलेले फॉर्म आणून द्या," साहेब म्हणाले, आणि फोन बंद झाला.

मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. बद्रीनाथनं वर पाहिलं नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला वाटलं, या बाईनं बोलावं. एकच वाक्य बोलावं. सगळ्यांसमोर आपली अब्रू अशी धुळीला मिळत असताना ही नुसती कप पुढं करते? आणि पाठोपाठ त्याला स्वतःची शरम वाटली. तिनं शपथ मागितली नव्हती, त्यानंच घेतली होती. पंगतीत बसून ती मोडायला निघाला तोही तोच. तिनं काय म्हणून बोलायचं? कप घेताना त्याच्या बोटांवर चहा सांडला. मनकर्णाबाईंनी पदराच्या टोकानं बशी पुसली, जरा जास्त वेळ पुसली, आणि आत गेल्या.

"हेडमास्तरला सांगतो मी," आप्पासाहेब डोळे पुसत म्हणाले. त्यांचा मूड झकास होता. "अन् जैतुनबीला तुम्हीच जाऊन सांगा. उद्यापासून कामावर ये म्हणावं. आपण काय वाईट नाय तिला."

जैतुनबी अंगणात तुरीची डाळ पाखडत होती. त्यानं पायरीखालीच उभं राहून सांगितलं. पुंजारामाचा फॉर्म, देवळामागं, मीच. आप्पासाहेबांनी मानलं, उद्यापासून कामावर बोलावलंय. तिसऱ्यांदा. सुपातली डाळ वर जात होती, खाली येत होती. मग सूप थांबलं.

"तुम्ही मारली खूण?"

"हो, भाभी."

"बसल्या बसल्या?"

"हो."

"का?"

कुणीतरी आपल्याला खोटा म्हणालं आणि ते सोसलं नाही, एवढंच खरं कारण, आणि ते या बाईला सांगण्यासारखं नव्हतं.

"चूक झाली," तो म्हणाला.

"चूक," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "सात वरीस शिजवलं मी. कुणाच्या पोराला तिखट चालत नाय, कुणाला सकाळी घरी कायबी मिळत नाय, मला सगळं ठाऊक. त्या पोरांनी रस्त्यात विचारलं, चाची, तू तेल चोरलं का? पंधरा दिवस मी दारोदार फिरले, भाऊ. कुराणावर हात ठेवते म्हणाले. ज्यांच्या बाळंतपणाला रात्र रात्र बसले, त्या बायका म्हणाल्या, बघू. मी खरं बोलत होते, एकानं मानलं नाय. अन् तुम्ही आज येता, मी खोटं केलं म्हणता, तर चहा थंड व्हायच्या आत सगळ्यांनी मानलं."

बद्रीनाथला वाटत होतं तिनं ओरडावं, सूप फेकून मारावं. खरा गुन्हेगार मीच आहे, फक्त मी सांगतोय तो गुन्हा माझा नाही, हे तिला कसं सांगायचं? तेवढंही समाधान त्याला मिळणार नव्हतं, आणि मिळू नये हेच रास्त होतं.

"उद्या जाणार मी कामाला," ती म्हणाली. "पोरांसाठी जाणार. आप्पासाहेबांना म्हणा, उपकार झाले." मग तिनं त्याच्या पिशवीकडं पाहिलं. "दुसरी फेरी म्हणाला होतात ना? मग मला विचारायचं राह्यलं की."

"माझं काम गेलं, भाभी. आता लिहून उपयोग नाही. दिल्लीला जायचं नाही ते."

"दिल्लीला कशाला पाह्यजे? द्या कागद."

त्यानं दिला. ती आत गेली नाही, दार लोटलं नाही, चष्मा शोधला नाही. कागद डोळ्यांजवळ नेला, चिन्हांवरून बोट फिरवलं आणि पायरीवरच टेकवून समोरच्या पक्षावर खूण केली. इतकी दाबून की कागद फाटला.

"माझं मत तिकडं नव्हतं," ती म्हणाली. "आज हाय. हे खरं हाय, नीट लिहून घ्या."

बद्रीनाथनं पायरीवर बसून लिहिलं. नाव, वय, शिक्षण, मत. त्यानं चिठ्ठीची घडी घातली, पेटीत टाकली आणि उठला. पाणी मागावं असं त्याला फार वाटत होतं, ते त्यानं मागितलं नाही.

जैतुनबीनं सूप पुन्हा हातात घेतलं.

"सरळ फाट्यावर जा," ती म्हणाली. "अन् वाटेत कुणाच्या घरी जेवायला बसू नका."